फ्यूजन, मिलाफ, सरमिसळ की कलम?

प्रश्न असा आलाय: ताज महाल या अमेरिकन ब्लूज गायकाच्या (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेलं गाणं) अल्बमवर मराठीत लेख लिहायचाय, त्याने पारंपरिक ब्लूज आणि जगभरातल्या इतर संगीताचं जे काही केलं त्याला 'फ्यूजन' सोडून चांगला मराठी शब्द कुठला? 'मिलाफ' गुळगुळीत वाटतो, 'सरमिसळ' लिहिलं तर नाव ठेवल्यासारखं होतं आणि 'संकर' लिहायला हात धजत नाही.

हात धजत नाही ते बरोबरच आहे. संकर शब्द व्याकरणाने चोख आहे पण त्याच्या मागे गीतेच्या पहिल्या अध्यायापासूनचा वर्णसंकर लागलेला आहे, पुढे तो शेतीत आला आणि संकरित गाय, संकरित ज्वारी झाली, तिथे तो बिनधास्त वापरतात, पण गाण्याला लावला की जुना डाग परत दिसायला लागतो. भेसळ तर विषयच नाही, ती दुधात होते. सरमिसळ म्हणजे जे वेगळं ठेवायला हवं होतं ते एकत्र झालं, धुतलेले आणि न धुतलेले कपडे एकाच बादलीत पडले की आपण सरमिसळ झाली म्हणतो. आणि मिलाफ, म्हणजे हिंदीतला मिलाप, हा वाईट शब्द नाही पण इतक्या निमंत्रणपत्रिकांवर छापून झालाय की आता तो वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही, सुरेख मिलाफ, अनोखा मिलाफ, बस.

पण मला वाटतं खरी अडचण मराठी प्रतिशब्दाची नाहीये, 'फ्यूजन' हा मूळ शब्दच या माणसाला लागू पडत नाही. त्याचा लॅटिन अर्थ वितळवणे, ओतणे. दोन धातू वितळवून एक केले की मग तांबं कुठलं आणि जस्त कुठलं हे दाखवता येत नाही, पितळ तेवढं उरतं. विज्ञानात त्याला संमीलन म्हणतात आणि तिथे तो शब्द शोभतो. ताज महालचे अल्बम ऐकताना मात्र ब्लूज कुठे आहे हे एक क्षणही शोधावं लागत नाही, तो तळाशी घट्ट असतो, आणि दुसरं संगीतही स्वतःच्या नावानिशी बसलेलं असतं. काही वितळलेलं नाहीये.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. खरं नाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स, जन्म १९४२, न्यूयॉर्कचं हार्लेम, वाढला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. वडील कॅरिबियन वळणाच्या घरातले, जॅझचे पियानोवादक, आई दक्षिण कॅरोलायनाची, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारी, आणि घरात शॉर्टवेव्ह रेडिओ, ज्यावर कुठल्या कुठल्या देशांची स्टेशनं लागायची. म्हणजे पोरगं आधी शुद्ध ब्लूज शिकलं आणि मग बाहेरचं शिकलं असं झालंच नाही, दोन्ही एकाच घरात होतं. ताज महाल हे नाव त्याने स्वप्नांवरून घेतलं, गांधी आणि भारताबद्दलची स्वप्नं पडायची असं तो सांगत आलाय. आणि माझ्या उत्तराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो शिकला पशुसंवर्धन, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, सोबत शेतीशास्त्र, आणि तरुणपणी दुधाच्या फार्मवर राबलाय. म्हणून मी शब्दही शेतीतलाच सुचवणार आहे.

कलम.

माझं आजोळ कोकणात, लहानपणी मे महिन्यात तिथे असायचो तेव्हा मामा भेटकलम बांधायचे ते मी जवळून बघितलंय. रायवळ आंब्याच्या कोयीचं रोप कुंडीत वाढवलेलं असायचं, ती कुंडी हापूसच्या झाडाला माच बांधून फांदीच्या उंचीवर ठेवायची, मग दोघांची साल सारख्या लांबीची तासून उघडा भाग उघड्या भागाला लावायचा आणि सुतळीने आवळून बांधायचा. दोन-तीन महिने काहीच करायचं नाही, नुसतं पाणी. या काळात दोघंही आपापल्या मुळांवर जगत असतात, हे लक्षात ठेवा. सांधा जमला की मग मामा हापूसची फांदी सांध्याच्या खालून कापायचे आणि रायवळाचा शेंडा सांध्याच्या वरून. मूळ रायवळाचं, फळ हापूसचं. आणि झाड वीस वर्षांचं झालं तरी बुंध्याशी ती गाठ हाताला लागते, मी अजून गेलो की हात लावून बघतो.

ही गाठ हाताला लागणं म्हणजेच मला या संगीताबद्दल म्हणायचंय ते.

शब्दाचं कूळ बघायचं तर कलम अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलं, ग्रीकमध्ये त्याचा भाऊ कालामोस म्हणजे बोरू. बोरू तिरका छाटून लेखणी करतात तशी डहाळी तिरकी छाटतात म्हणून दोघांना एकच नाव. लेखणी, कायद्याचं कलम आणि झाडाचं कलम, मराठीत तिन्ही एका शब्दात सुखाने नांदतात. फक्त क्रियापद जपून वापरा. 'कलम करणे' म्हणजे छाटणे, मुंडकं कलम केलं म्हणतात तसं. आपल्याला हवं ते 'कलम बांधणे'. "त्याने ब्लूजवर रेगेचं कलम बांधलं" असं लिहा, "ब्लूज कलम केला" लिहिलंत तर गायकाचा खून होईल.

आता अल्बम घेऊन बघू शब्द बसतो का. १९७१ चा 'द रिअल थिंग', न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधली लाइव्ह मैफल, त्यात ब्लूजच्या साथीला चार ट्यूबा आहेत, ते अजस्र पितळी वाद्य जे बँडच्या मागच्या रांगेत घुमत असतं ते. १९७४ च्या 'मो रूट्स'मध्ये रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत. मग ऐंशीच्या दशकात तो हवाईतल्या काउआई बेटावर राहायला गेला आणि नव्वदीत हुला ब्लूज बँडबरोबर 'सेक्रेड आयलंड' काढला, युकुलेले आणि स्टील गिटार घेऊन. इथे एक बारीक गंमत आहे जी मला फार आवडते, युकुलेलेचं पूर्वज वाद्य हवाईला नेलं ते १८७९ साली आलेल्या मदेराच्या पोर्तुगीज मजुरांनी, आणि आपल्याकडे हापूस हे नाव ज्या अफोन्सोवरून आलं तोही पोर्तुगीजच. या तिन्ही अल्बमना साधं 'कलम' पुरतं. मूळ ब्लूजचं, वरची डहाळी बाहेरची.

पण १९९५ च्या 'मुमताज महल'ला मी नुसतं कलम म्हणणार नाही. त्यात ताज महालबरोबर विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि रविकिरण यांची चित्रवीणा आहे. मोहनवीणा म्हणजे स्वतःच हवाईयन गिटारवर तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा चढवून आणि रागदारीला योग्य करून घेतलेलं वाद्य, म्हणजे तेच आधी एक कलम. जुन्या पिढीतल्या ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने १९३६ साली रेकॉर्ड केलेलं 'कम ऑन इन माय किचन' यात आहे, ते हेडफोन लावून ऐका. ब्लूजमध्ये गंधार धड कोमल नसतो धड शुद्ध नसतो, मधल्या जागेवर रेंगाळतो, पियानोवर ती पट्टीच नाही, आणि आपल्या वाद्यांना ती जागा घ्यायला काही वेगळं शिकावं लागत नाही कारण तारेवर सरकवत मींड घेणं हा त्यांचा रोजचा व्यवहार. गाण्याची ओळ संपते, श्वासाइतकी जागा सुटते आणि तिथे वीणा उत्तर देते. ब्लूजमध्ये गिटारने ओळीला उत्तर देणं ही जुनी रीत आहे, आपल्याकडे सारंगी किंवा पेटी गायकाच्या मागोमाग जाते, दोन्ही सवयी तिथे एकमेकींना उघड्या सालीने चिकटल्यात. दोघं आपापल्या मुळांवर उभे. म्हणून याला भेटकलम. जुगलबंदी म्हणू नका, तिच्यात थोडी चढाओढ असते, इथे कुणी कुणाला मागे टाकायला बसलेलं नाही.

याच पंगतीत २००५ चा 'म्कुटानो', झांझिबारच्या कल्चर म्युझिकल क्लबबरोबरचा. म्कुटानो हा स्वाहिली शब्द, अर्थ भेट, बैठक. अल्बमचं नावच भेट आहे, भेटकलम शब्दाला यापेक्षा मोठा आधार मी कुठून आणू.

आणि आता जिथे माझा शब्द फसतो तेही सांगतो. १९९९ चा 'कुलंजन', मालीच्या तुमानी दियाबातेबरोबर. (नाव वाचून गवयांना आपलं घशासाठी चघळायचं कोळिंजन आठवेल, उच्चार जवळचा आहे एवढंच, संबंध काही नाही.) दियाबातेंचं वाद्य कोरा, एकवीस तारांचं, भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं, सोबत न्गोनी हे छोटं तंतुवाद्य, बालाफोन हे लाकडी पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य आणि मालीचे गायक. इथे कलम म्हणता येत नाही कारण कलम दोन वेगळ्या झाडांचं बांधतात आणि ही दोन झाडं नाहीतच. ब्लूज ज्या लोकांनी घडवला त्यांचे पूर्वज याच पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेले गेले, बँजोसुद्धा तिकडच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांच्या वंशातला. ऐकताना कोरा कुठे संपतो आणि गिटार कुठे सुरू होते हे काही ठिकाणी खरंच कळत नाही. मला आधी 'ब्लूज माहेरी आला' असं लिहावंसं वाटलं, आपल्या भाषेत परत जाण्याला माहेराइतका जिव्हाळ्याचा शब्द नाही, पण मग खोडलं, कारण माहेराहून मुलगी वाजतगाजत पाठवतात, ही माणसं साखळदंडात गेली, त्यांच्यासाठी तो शब्द खोटा पडतो. माझी शिफारस 'सगोत्र' शब्दाची आहे. कुलंजन हे सगोत्र संगीत. कोरडा आहे शब्द, पण खरा आहे.

कुणी म्हणेल आपल्याकडे पूर्वी काय म्हणायचे. संगीत नाटकांनी कर्नाटकी चाली घेतल्या, लावणीच्या घेतल्या, ठुमरी-गझलच्या घेतल्या, आणि छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर सरळ 'चाल' लिहून पुढे मूळ गाण्याचा मुखडा द्यायचे. काय घेतलं, कुठून घेतलं, सगळं चोख. वेगळं नाव द्यायची गरजच पडली नाही. रागसंगीतात 'मिश्र' आहे, मिश्र पिलू, मिश्र खमाज, आणि 'जोडराग' आहे, बसंत-बहारसारखा, दोन्ही सुंदर शब्द पण ते रागांना इतके चिकटलेत की 'मिश्र ब्लूज' लिहिलं तर वाचणाऱ्याला तो एखादा राग वाटेल.

मग तुमचं वाक्य असं करता येईल: "ताज महालने ब्लूजच्या मुळावर रेगे आणि हवाईयन संगीताची कलमं बांधली, मुमताज महलमध्ये भारतीय वीणांशी भेटकलम साधलं, आणि कुलंजनमध्ये तो आपल्या सगोत्रांत जाऊन बसला." जिथे एकाच शब्दात उरकायचं असेल, मथळ्यात वगैरे, तिथे फ्यूजन राहू द्या, सगळ्यांना कळतं.

तुमच्या मूळ प्रश्नात एक ठिकाणी 'पारंपारिक' टाइप झालंय (वर मी नीट करून लिहिलंय), ते 'पारंपरिक' करा. परंपरा शब्दाला इक लागला की फक्त पहिल्या अक्षराचा स्वर वाढतो, प चा पा होतो, दुसऱ्या प ला काना मिळत नाही. हा शब्द तुम्हाला लेखात पुष्कळदा लागणार कारण ग्रॅमीतही पारंपरिक ब्लूज आणि समकालीन ब्लूज असे दोन वेगळे पुरस्कार आहेत, आणि या माणसाला दोन्ही मिळालेत, ब्लूज गायक केब मोबरोबरच्या २०१७ च्या 'ताजमो'ला समकालीन आणि गिटारवादक राय कूडरबरोबरच्या २०२२ च्या 'गेट ऑन बोर्ड'ला पारंपरिक.