डीबीएसनंतर ‘बीटा वाढलाय’ म्हणजे काय?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या डीबीएस, म्हणजे मेंदूत तार घालून विजेचे ठोके देणाऱ्या, यंत्राच्या नोंदीत ‘बीटा जास्त’ आहे असं डॉक्टर म्हणाले, पण हात तर थरथरत नाही, मग बिघाड कसला?

आपण पार्किन्सनला कंपवात म्हणतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष कंपाकडेच जातं. बीटा म्हणजे मेंदूतल्या विजेची एक लय. तिचं नातं मुख्यतः ताठरपणाशी आणि मंदावलेल्या हालचालींशी आहे, कंपाशी फारसं नाही. बसल्या जागी हात थरथरतो तो सेकंदाला ४ ते ६ वेळा. बीटा लय सेकंदाला १३ ते ३० वेळांची, म्हणजे १३ ते ३० हर्ट्‌झची.

ही लय मुळात वाईट नाही. हालचाल सुरू व्हायच्या जरा आधी ती ओसरते. डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी पडलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस या वालाच्या दाण्याएवढ्या भागातल्या पेशी एकाच ठेक्यात अडकतात; लय लांबत जाते, वेळेवर ओसरत नाही. सदऱ्याचं बटण काजापाशी येतं आणि बोटं तिथेच रेंगाळतात, त्यामागे हेच असावं असं मानतात. डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीने बीटा उतरतो. डीबीएसनेही उतरतो, त्याचे ठोके बहुधा १३० हर्ट्‌झचे, प्रत्येकी ६० मायक्रोसेकंदांचे असतात.

म्हणून पहिला प्रश्न विचारा : नोंद कधीची? गोळीचा असर उतरतानाची असेल तर बीटा चढलेला दिसणारच. गोळी डाळ-उसळ-अंड्यांच्या जेवणाबरोबर घेतली असेल तरीही, कारण प्रथिनांमुळे लेव्होडोपा कमी पोचतं. जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी. शिवाय यंत्र छातीत डाव्या बाजूला असेल तर हृदयाचे ठोके नोंदीत मिसळून आकडा फसवू शकतो. हे फार जणांना सांगितलंच जात नाही.

तीन दिवस वहीत गोळीची वेळ, जेवण आणि अंग आखडल्याची वेळ लिहा, आणि ती वही नोंदीशेजारी ठेवून दाखवा. नुसत्या आलेखापेक्षा मला ही वही मोलाची वाटते. ‘करंट वाढवा’ असा आग्रह मात्र धरू नका. करंट शेजारच्या तंतूंपर्यंत पसरला तर बोलणं जड होतं, चेहरा ओढला जातो.

बीटा बघून करंट आपोआप कमीजास्त करणाऱ्या डीबीएसला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. वडिलांच्या यंत्रात ती सोय आहे का, हेही विचारा. तोवर गोळ्या स्वतःहून कमी करू नका. लेव्होडोपा अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.