वाचकांचे प्रश्न : हडपसरला ना काना ना मात्रा

प्रश्न : नमस्कार ताई, मी धनकवडीला एका मराठी शाळेत पहिलीला शिकवते, वर्गात ४१ मुलं आहेत. ट्रेनिंगला सांगितलं की भाषेचे कोपरे करा, मुलांना हलू द्या, म्हणून दिवाळीनंतर मी पाच कोपरे केले, अक्षरउडी, बॉलफेक, चिठ्ठी शोधा वगैरे. मुलं जाम खूश! पण वाचन काही पुढे सरकत नाहीये आणि शेजारच्या वर्गातल्या बाई रोज दारात येऊन उभ्या राहतात. बंद करू का?

उत्तर : बंद नका करू हो, कमी करा. ४१ मुलं आणि पाच कोपरे म्हणजे गणपतीतली मंडईच की. दोन खेळ पुरे, आणि प्रत्येक खेळाला आधी एकच विचारायचं, न वाचता हा जिंकता येतो का? तुमची अक्षरउडी बघा, तुम्ही ‘म’ म्हणता, पुढची हुशार पोरगी उडी मारते आणि बाकीचे तिच्यामागे धपाधप. उड्या दहा जणांनी मारल्या, वाचलं एकटीनं. त्याऐवजी तुम्ही बोलूच नका, प्रत्येकाच्या हातात वेगळी चिठ्ठी द्या, मग कोणाच्या मागे जाणार?

यावरूनच पीएमटीचा, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचा, खेळ करता येतो (पीएमपीएमएल कोण म्हणतं घरात). फरशीवर खडूनं स्टॉपची नावं लिहा, मुलांना तिकिटं वाटा, तिकिटावरचं नाव वाचून आपापल्या स्टॉपवर उतरायचं. सुरुवात हडपसरनं करा, पाच अक्षरं आणि ना काना ना मात्रा, पहिलीला याहून सोपं गाव नाही. मग वारजे, बाणेर, धनकवडी. कात्रज आणि स्वारगेट जोडाक्षरं आल्यावर.

माझा सगळ्यात लाडका खेळ मात्र काना-मात्रांचा. एका मुलाच्या पाठीवर ‘क’ चं कार्ड लावायचं, बाकीचे काना, मात्रा, वेलांट्या, उकार होतात. काना शेजारी उभा, मात्रेनं क च्या डोक्यावर हात धरायचा, उकार पायाशी बसणार. गंमत येते पहिल्या वेलांटीला, ती बोलताना नंतर पण लिहिताना अक्षराच्या आधी, आणि पोरं नेमकी तिथंच अडकतात, ते अंगानं उभं राहिल्यावर कळतं. तोंडं मात्र फळ्याकडे हवीत, वर्गाकडे केली तर त्यांचं डावं-उजवं आपल्या उलट होतं, मी एक अख्खा आठवडा असा घोळ घातलाय.

टाळ्यांचा खेळ पण घ्या, शनिवारवाडा म्हणताना टाळ्या पाचच पडतात, श-नि-वार-वा-डा, लिहिलेली अक्षरं मोजली तर सहा. यावर वर्गात भांडण झालं तर होऊ दे, ‘र’ कुठे लपला हे त्यांचं त्यांनाच सापडेल.

कार्डं कॉम्प्युटरवर काढत असाल तर ल आणि श बघून घ्या, पुष्कळ फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. हातानं लिहिलेलं बरं.

शेजारच्या बाईंसाठी : दुसरा कोपरा गप्प ठेवा. व्हरांड्यात ओल्या ब्रशनं फरशीवर शब्द लिहायचे, वाळले की संपले, खर्च शून्य. एक गट उड्यांना, एक ब्रशला, बाकीचे जोडीनं पुस्तक घेऊन, आणि सात-आठ जण तुमच्याजवळ सतरंजीवर वाचायला. खरं काम त्या सतरंजीवर होतं, खेळ कशाला तर तुम्हाला ती दहा-बारा मिनिटं मिळावीत म्हणून. पहिले पंधरा दिवस फक्त गट बदलायची सवय लावा. आणि घाई नको, २०२१ ला केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं निपुण भारत अभियान आलं त्याचंही लक्ष्य तिसरीपर्यंत समजून वाचणं हेच आहे, पहिलीच्या दिवाळीला नाही.

प्रश्न : नातू पहिलीत आहे, ‘ध’ आणि ‘घ’ सारखंच वाचतो. घरी काय करू? (एक आजी, सिंहगड रोड)

उत्तर : आजी, दोन्ही एकाच दिवशी समोर ठेवू नका. आधी ‘घ’ पक्का होऊ दे, ‘ध’ पंधरा दिवस कपाटात. पॉलिश पेपरचं अक्षर कापून बोटानं गिरवायला द्या, ही मॉन्टेसरीबाईंची युक्ती, किंवा चिंचोके मांडून घ्या. मग भाजीला जाताना दुकानांच्या पाट्यांवर ‘घ’ शोधायला लावा, दहा सापडले की घरी. उशीर होईल, तेवढी भाजी आधी घेऊन टाका.