पागा बदलल्यावर घोडा सुधारला, त्याचे श्रेय नेमके कशाला?

आपला प्रश्न मी असा समजलो. मित्रांनी मिळून घेतलेला आपला चार वर्षांचा पेसर (अमेरिकेतल्या हार्नेस, म्हणजे गाडी ओढत पळण्याच्या, शर्यतींतला घोडा) जुन्या ट्रेनरकडे चौदा शर्यतींत एकदाही जिंकला नाही. नव्या पागेत गेल्यावर सहा आठवड्यांत तो दोनदा जिंकला, एकदा तिसरा आला, आणि त्याची मैलाची वेळ १ मिनिट ५५ सेकंदांवरून १ मिनिट ५२ सेकंदांवर आली. आता जुन्या माणसाने आपल्याला फसवले की नवा माणूस काही भलतेच करतो आहे, यावरून आपल्या गटात वाद पेटला आहे. न्यू जर्सीत राहून गेली वीस वर्षे मी अशा घोड्यांत छोटे छोटे हिस्से घेत आलो आहे, त्यामुळे हा वाद मला नवा नाही. माझ्या मते दोन्ही शंका बहुधा चुकीच्या आहेत. वेग घोड्याच्या अंगी होताच आणि तो कशाने तरी अडलेला होता. तो कशाने अडला होता हे आपण आत्ता शोधून लिहून ठेवले नाही, तर पुढच्या वेळी पागा बदलाल तेव्हा तीच अडचण पुन्हा उभी राहील.

ज्यांना महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या शर्यती ठाऊक आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हार्नेस शर्यतीत पाठीवर जॉकी नसतो; मागे सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी आणि तिच्यात ड्रायव्हर असतो. घोड्याने चौखूर उधळायचे नसते. ट्रॉटर दुडक्या चालीने, म्हणजे एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय एकत्र टाकत पळतो, तर पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र टाकतो, आपल्याकडच्या रवाल चालीसारखा. चाल मोडून घोडा उधळला तर ड्रायव्हरने त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते, आणि तेवढ्यात शर्यत हातची जाते. म्हणजे या खेळात नुसते जोरात पळणे पुरत नाही. चाल न मोडता जोरात पळावे लागते, आणि अंगात कुठेही दुखत असेल तर पहिला परिणाम चालीवर होतो.

आता आपल्या तीन सेकंदांकडे वळू. एका सेकंदात साधारण पाच घोड्यांची लांबी कापली जाते, म्हणजे तीन सेकंद म्हणजे पंधरा लांब्या. आकडा डोळे दिपवणारा आहे खरा. पण आपणच लिहिले आहे की जुना ट्रेनर त्याला अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर पळवत होता आणि नव्याने त्याला न्यू जर्सीतल्याच मेडोलँड्स ट्रॅकवर नेले. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर एका मैलात चार वळणे येतात, मेडोलँड्सच्या एक मैलाच्या ट्रॅकवर दोनच. तोच घोडा, त्याच तयारीत, एवढ्या एका कारणाने साधारण दोन सेकंद लवकर येतो. न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्डचा अर्ध्या मैलाचा ट्रॅक २८ डिसेंबर २०२४ रोजी कायमचा बंद झाला (माझी पहिली शर्यत मी तिथेच पाहिली होती, त्यामुळे हे लिहिताना थोडे जड जाते), तेव्हा तिथले अनेक घोडे दुसरीकडे गेले आणि काही मालकांना आपला घोडा रातोरात सुधारल्याचा भास झाला.

म्हणून आधी कार्यक्रमपत्रिकेतील मागच्या शर्यतींच्या ओळी समोर ठेवा. प्रत्येक पाव मैलाला घोडा कितव्या स्थानावर होता ते तिथे छापलेले असते, आणि त्या आकड्याला एक बारीकसे वर्तुळ चिकटलेले असले तर घोडा त्या टप्प्यात बाहेरच्या बाजूने पळत होता असा त्याचा अर्थ होतो. बाहेरून पळणाऱ्याला वळणावर जास्त अंतर कापावे लागते, आणि पुढे कुणाच्या सल्कीचा आडोसा नसेल तर वाराही एकट्याने झेलावा लागतो. आपल्या घोड्याच्या जुन्या चौदा ओळींपैकी किती ओळींत ती वर्तुळे आहेत, सुरुवातीची जागा किती वेळा सातवी-आठवी होती, आणि शर्यतीचा दर्जा कोणता होता, हे पाहा. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर आठव्या जागेवरून सुटून बाहेरूनच फिरत पाचवा आलेला घोडा आतल्या जागेवरून आडोशाने येऊन जिंकलेल्या घोड्यापेक्षा चांगला पळालेला असू शकतो. घोडा खालच्या दर्जाच्या शर्यतीत उतरवला असेल किंवा ड्रायव्हर बदलला असेल, तर तेही याच हिशेबात धरा. हे सगळे वजा केल्यावर जे उरेल तेवढेच पागेच्या खात्यात टाकायचे. आपल्या बाबतीत ते तीन सेकंदांऐवजी एखादा सेकंद निघेल असा माझा अंदाज आहे. एक सेकंदही थोडा नव्हे. तिसरा आणि आठवा यांच्यात पुष्कळदा तेवढेच अंतर असते.

हा उरलेला सेकंद कुठून येतो, हे मी एका घोडीच्या बाबतीत अगदी जवळून पाहिले आहे. आमच्या गटाची एक पेसर घोडी होती. शेवटच्या वळणावर ती हटकून बाहेर, उजवीकडे ओढत जायची. तेव्हाच्या ट्रेनरने (नाव सांगण्याचे कारण नाही) तिच्या मानेलगत काठी बांधली, एका डोळ्याला झापड लावली, शेवटी कडियाळे (लगामाचा तोंडात बसणारा भाग) बदलून अधिक कडक घातले. ती आणखीच ओढू लागली. आठ महिने आम्ही तिला हट्टी म्हणत राहिलो. दरवेळी पागेत गेलो की तिच्या दाराशी गवताचे अर्धवट चघळलेले, ओले, लिंबाएवढे गोळे पडलेले दिसत, आणि ती खाण्यात चोखंदळ आहे असे समजून मी हसत असे. नव्या पागेत पहिल्याच आठवड्यात तिथल्या मोतद्दाराने (घोड्याची देखभाल करणाऱ्याने) ते गोळे उचलून हातावर घेतले आणि दातांच्या डॉक्टरला बोलावले. तोंड उघडे ठेवणारी लोखंडी चौकट लावून डॉक्टरने बॅटरीच्या उजेडात मला आत बघायला सांगितले. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या आणि उजव्या गालाच्या आत वाटाण्याएवढा पांढरट व्रण होता. अमेरिकेत शर्यत डावीकडे वळते. वळणावर ड्रायव्हर लगामाची डावी वादी ओढी, कडियाळे डावीकडे सरके, आणि त्याचे उजवे कडे नेमके त्या गालाला त्या दाढेवर दाबून धरी. ती हट्टी नव्हती. दुखण्यापासून तोंड सोडवून घेत होती. दाढा कानशीने घासल्या, व्रण भरायला तीन आठवडे दिले, मऊ कडियाळे घातले. दुसऱ्या शर्यतीला काठी निघाली आणि चौथ्या शर्यतीला ती जिंकली.

जुना ट्रेनर लबाड होता असे मला आजही वाटत नाही. तो तिला रोज पाहत होता, आणि हळूहळू वाढणारे दुखणे रोज पाहणाऱ्यालाच दिसत नाही. नव्या पागेत घोडा आला की चांगला ट्रेनर त्याला अनोळखी म्हणून तपासतो: रक्त काढतो, दात बघतो, नालबंदाला बोलावून खुरांचे कोन मोजतो, जोरदार कामानंतर दुर्बीण घालून श्वासनलिकेत रक्त किंवा चिकटा आहे का ते पाहतो. अर्धी सुधारणा या पहिल्या तपासणीत होते. हीच तपासणी जुन्या पागेत दर सहा महिन्यांनी झाली असती तर बऱ्याच घोड्यांना घर बदलावे लागले नसते.

दातांखेरीज मी जिथे पाहीन त्या जागा म्हणजे पाय आणि पोट. बहुतेक पेसरच्या पायांत पट्टे अडकवलेले असतात. आपल्या पायबंदासारखे दिसले तरी त्यांचे काम घोड्याला जागीच ठेवणे हे नसून चाल टिकवणे हे असते. ते दोन-तीन सेंटिमीटर आखूड असले तर पाऊल पुरते पडत नाही, आणि सैल असले तर घोडा उधळतो. मागचा पाय समोरच्या विरुद्ध बाजूच्या पायाला घासत असेल तर घोडा स्वतःच पाऊल आवरते घेतो. नाल हलकी केली किंवा खुराचा कोन सुधारला की तो मोकळा होतो. पोटाचे व्रण शर्यतीच्या घोड्यांत फारच आढळतात, कारण घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होते आणि ते मवाळ करणारी लाळ केवळ चघळताना सुटते; दोन वेळा भरपूर चंदी (दाणा), मूठभर गवत आणि दिवसभर कोठडी, ही दिनचर्या असली की व्रण ठरलेलेच. नव्या पागेत घोड्याला कुरण आणि दिवसभर गवत मिळत असेल, आणि आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलचा साधारण २८ दिवसांचा कोर्स दिला गेला असेल, तर सहा आठवड्यांचा आपला हिशेब त्याच्याशी चांगला जुळतो.

उदाहरण म्हणून सगळे ज्याचे नाव घेतात तो फॉइल्ड अगेन. २००४ साली जन्मलेला हा पेसर चार वर्षांचा असताना, २००८ साली, ६२,५०० डॉलरला विकला गेला आणि ट्रेनर रॉन बर्क यांच्या पागेत आला. २०१३ साली, नऊ वर्षांचा असताना, त्याने ब्रीडर्स क्राउन ही मोठी शर्यत जिंकली, आणि २०१८ अखेर निवृत्त होईपर्यंत १०९ विजय आणि ७६ लाख डॉलरहून अधिक कमाई त्याच्या नावावर जमा झाली. पण ही कथा सांगताना लोक दोन गोष्टी गाळतात. तो विकला गेला तेव्हा टाकाऊ नव्हता. त्या किमतीला टाकाऊ घोडे जात नाहीत. आणि त्याची सर्वांत मोठी वर्षे विक्रीनंतर लगेच नव्हे, तर पुढे काही हंगामांनी आली. तेव्हा आपल्या घोड्याच्या दोन विजयांवरून कुणी त्याचे नाव घेत असेल तर घेऊ द्यावे, पण त्यावर पैसे लावू नयेत.

आता दुसरी शंका, म्हणजे नवा ट्रेनर घोड्याला काही भलतेच देत असल्याची. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रीय अभियोक्त्यांनी दोन डझनांहून अधिक लोकांवर घोड्यांना उत्तेजके दिल्याचे आरोप ठेवले, आणि त्यांत या खेळातले ट्रेनरही होते. त्याआधीपासून थकवा लांबवण्यासाठी शर्यतीच्या दिवशी नळीने खाण्याचा सोडा पाजण्याचा प्रकार चालत आला आहे, म्हणूनच रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि तो लिटरला ३७ मिलीमोलच्या पुढे गेला तर बहुतेक ठिकाणी कारवाई होते. मात्र संशय घेण्याचीही एक रीत आहे. घोडा नव्या पागेत गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी, नाल किंवा कडियाळे काहीही न बदलता, दहा लांब्यांनी सुधारला, आणि त्याच ट्रेनरकडे आलेला प्रत्येक घोडा असाच सुधारत असेल, तर मी माझा हिस्सा विकून बाहेर पडेन. आपला घोडा पहिल्या शर्यतीत सहावा आला, मग तिसरा, मग जिंकला. बरे होणारा घोडा असाच वर येतो. पत्रिकेत त्याच्या नावापुढे लॅसिक्सची खूण नव्याने आली आहे का, तेवढे मात्र पाहा; फुफ्फुसातील रक्तस्रावासाठीचे ते परवानगीचे औषध आहे, पण त्याने लघवीवाटे दहा-पंधरा किलो वजन उतरते आणि पहिल्या वेळी फरक दिसतो.

या शनिवारी पागेत जाल तेव्हा ट्रेनरला ‘काय जादू केली?’ असे विचारू नका. त्याला ते आरोपासारखे ऐकू येते. पहिल्या दोन महिन्यांची डॉक्टरांची आणि नालबंदाची बिले मागा. हिस्सेदार म्हणून तो आपला हक्क आहे. ट्रेनर शर्यतीच्या धांदलीत विसरलेला असतो, बिल विसरत नाही. मग मोतद्दाराशी बोला, कारण घोडा चंदी पूर्ण संपवतो का आणि पहाटे कोणता पाय उचलून उभा असतो, हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नसते. जे कळेल ते गटातल्या सगळ्यांना एका कागदावर द्या. आमच्या त्या घोडीने त्यानंतर दोनदा पागा बदलली. दोन्ही वेळा दाढा तपासण्याची तारीख नव्या ट्रेनरला मीच कळवली, आणि दोन्ही वेळा ती त्याच्या वहीत नव्हती.