मुरुमांचे खड्डे आणि लेझर

प्रश्न : माझं वय २६. मुरुमं थांबून वर्ष झालं, पण दोन्ही गालांवर खड्डे राहिलेत. लेझरने ते पूर्ण भरतात का? वर्ण सावळा आहे आणि लेझरने चेहरा काळवंडतो असं ऐकलंय.

उत्तर : पूर्ण भरत नाहीत, उथळ होतात. आधी खड्डे ओळखा. खोलीतला दिवा मालवून आरशासमोर कानाच्या बाजूने टॉर्च धरा. बोटांनी गाल ताणल्यावर सपाट होणारे, लाटेसारखे खड्डे खालच्या तंतूंनी ओढलेले असतात. ते तंतू सुईने सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. सुई टोचल्यासारख्या अरुंद, खोल भोकांच्या तळाशी लेझर नीट पोचत नाही. तिथे काडीच्या टोकाने तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल लावतात. उभ्या काठाच्या उथळ खड्ड्यांवर मात्र फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर चांगला चालतो. बहुतेक गालांवर हे तिन्ही प्रकार असतात, म्हणून नुसत्या लेझरच्या बैठका घेणारे बरेचदा निराश होतात.

काळवंडण्याची भीती खरी आहे. हा लेझर त्वचेत बारीक छिद्रांची जाळी पाडतो. मधली त्वचा शाबूत राहते आणि तिच्याच जोरावर जखम भरते. छिद्रं दाट पडली की उष्णता साठते, दाह वाढतो आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त तयार होतं. म्हणून घनता कमी, बैठका जास्त : साधारण ३ ते ५, मध्ये ४ ते ६ आठवडे. घनता किती ठेवणार, हे डॉक्टरांना विचाराच. आधी कानापुढच्या छोट्या जागेवर चाचणी करून मागा.

पहिले एक-दोन दिवस लाली आणि सूज राहते, मग हाताला वाळूच्या कागदासारखे लागणारे तपकिरी ठिपके येतात. ते आठवड्याभरात आपोआप गळतात. खरवडले तर डाग आणि व्रण राहू शकतो. तोवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, मेकअप नाही. त्वचा भरली की सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीएवढं, उन्हात दर दोन तासांनी. ओठांवर वरचेवर पाणीदार फोड येत असतील तर आधीच सांगा, हर्पीसची गोळी सुरू करावी लागते. नवं कोलाजेन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला ३ ते ६ महिने लागतात. महिन्याभरात निकाल ठरवू नका.

प्रश्न : मुरुमांसाठी घेत असलेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी दोन महिन्यांपूर्वी थांबवली. लेझर चालेल का?

उत्तर : पूर्वी ६ महिने थांबायला सांगत. फ्रॅक्शनल लेझरसाठी ती सक्ती आता बरेच तज्ज्ञ मानत नाहीत. अख्खा थर सोलणाऱ्या लेझरसाठी मात्र थांबाच. गोळीचा डोस आणि शेवटची तारीख डॉक्टरांना लिहून द्या.