मोटर भरता येते, पण पैसे मागताना जीभ उचलत नाही

तुम्ही लिहिलंय की आयटीआय होऊन दोन वर्षं झाली, मोटर भरता येते (जळालेल्या मोटरीत तांब्याची वायर नव्याने गुंडाळणं), स्टार्टर जमतो. पण गावातल्या काकाजींकडे पैसे मागायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. ही हिंमत कुठून आणायची?

मी मोर्शी तालुक्यात हेच काम करतो. सुरुवातीला मीही "द्या काय द्यायचे ते" म्हणायचो. मग समोरचा चहा पाजतो आणि "पाहू बा पुढच्या टाइमाले" म्हणतो. त्याचं काही चुकत नाही, आकडा आपणच सांगितलेला नसतो.

फरक पडला तो एका जानेवारीत. रात्रीची लाइन होती. एका काकांचा फोन आला, मोटर जड आवाज करते म्हणून. आंबिया बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू केलेलं, संत्रा फुलावर. पाच एचपीची सबमर्सिबल. वायरभोवती धरून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला तर दोन फेजवर तेरा-तेरा अँपिअर, तिसऱ्यावर शून्य, म्हणजे सगळा भार दोनच फेजवर. पाच एचपीला साडेसात-आठ पुरेत. जास्त करंट आला की मोटर बंद करणारी रिले कोणीतरी वगळून डायरेक्ट जोडलेली, म्हणून मोटर ट्रिप झाली नव्हती. मेन पाडून स्टार्टर उघडला, आतला एक पॉइंट (फेज जोडणारा कॉन्टॅक्ट) जळून कोळसा झालेला. पॉइंटचा सेट बदलला, रिले पुन्हा जोडली. अर्धा तास.

सामानाचे वेगळे, माझे पाचशे, असं सांगितलं. काका म्हणाले, "अर्ध्या घंट्याचे पाचशे कायचे बाप्पा?" मी त्यांच्यासमोर परत मीटर लावला. तिन्ही फेजवर साडेसात. म्हटलं, "काकाजी, मघाशी तेरा पाहिले ना? तसंच रात्रभर चाललं असतं तर मोटर जळाली असती. बोअरमधून काढायची मजुरी, भरायचा खर्च, अन् तीन-चार दिवस फुलाला पाणी नाही." त्यांनी पैसे दिले. आठ दिवसांनी भावाच्या शेतावरही मलाच बोलावलं.

तेव्हापासून मी मीटरचा आकडा शेतकऱ्याला दाखवतो. त्याला दिसलं की माझाही आवाज चाचरत नाही. दर मात्र मोटर खोलायच्या आधी सांगायचा, चिठ्ठीवर लिहून: तांब्याची वायर किती किलो, भाव काय, मजुरी किती. काम झाल्यावर सांगितलेला दर मागणीसारखा वाटतो. आधी सांगितला की तो व्यवहार असतो.

उधारी टळत नाही, कापूस-संत्रा विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही हे आपल्यालाही माहीत आहे. म्हणून सामानाचे पैसे आधी घ्या, मजुरी वहीत लिहून त्याच्यासमोर तारीख टाका. सख्ख्या काकाला मजुरी सोडलीत तरी तांब्याचे पैसे सोडू नका. आणि जे काम येत नाही, ते सरळ "मला येत नाही" म्हणून परत करा. असं एकदा म्हटलेल्या माणसाच्या बाकीच्या दरावर लोक फारशी घासाघीस करत नाहीत, हा माझा अनुभव.

तुमच्याकडे क्लॅम्प मीटर आणि मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) आहे का? नसेल तर दुकानाचा गाळा बघण्याआधी ते दोन घ्या. आजवर कोणकोणत्या एचपीच्या मोटरी भरल्या तेही कळवा, पहिली चिठ्ठी आपण मिळून बनवू.