नळाजवळच्या सतत ओल्या जमिनीत कुठलं रानफूल लावावं?

तुम्ही म्हणताय नळाजवळची माती वर्षभर ओली असते आणि लावलेलं सगळं कुजतं, तर मी सांगेन तेरडा लावा. पण त्याआधी ती जागा नुसती ओलसर आहे की तिथे पाणी साचतं ते बघा, कारण तेरड्याला ओल पाहिजे पण डबकं नको. रात्री वीतभर खोल खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओता. सकाळी पाणी तसंच दिसलं तर तेरडाही कुजणार, बुडाशी खोड काळं पडतं आणि झाड आडवं होतं. मग एकतर माती टाकून वाफा वर उचला नाहीतर सरळ तालिमखाना लावा, तो दलदलीतलाच आहे, जांभळी फुलं छान येतात पण काटे जबरदस्त, लहान मुलं असतील तर मी तरी लावणार नाही.

बी शक्यतो रानातल्या एकेरी फुलाच्या तेरड्याचं घ्या. नर्सरीतला डबल पाकळ्यांचा दिसतो भारी, पण साध्या फुलाला मागे जी बारीक वाकडी शेपटी असते ना त्यात मध असतो, आणि फूल एकेरी असलं की किड्यांना तिथपर्यंत पोचता येतं. रोपं मात्र उपटून आणू नका, बीच आणा. फुगलेलं, जरा पिवळट पडलेलं बोंड मुठीत धरून दाबायचं, टपकन फुटतं आणि सालीच्या अळीसारख्या गुंडाळ्या होऊन बिया हातात राहतात (बोटांच्या चिमटीत धरलंत तर अर्ध्या उडून जातात, माझ्या गेल्यात).

पाऊस लागला की बी वरवर टाकून चिमूटभर मातीने झाकायचं, खोल पुरायचं नाही. रोपं चार पानांची झाली की विरळणी करा, म्हणजे मधली जास्तीची रोपं उपटून टाका, जीवावर येतं पण करा, दाटीत हवा खेळत नाही आणि पावसाळा सरता सरता पानांवर पांढरी भुरी (पिठासारखी बुरशी) धरते. खत जवळजवळ नकोच. मी पहिल्या वर्षी हौसेने शेणखत भरपूर घातलं तर कमरेएवढी हिरवीगार झाडं आली आणि फुलं मोजून दहा-बारा.

दुपारी पानं माना टाकतात, घाबरू नका, माती ओली असेल तर संध्याकाळी परत ताठ होतात. आणि रंग तीन दिवस म्हणतात ते एका फुलाबद्दल, झाड बरेच आठवडे फुलत राहतं. दिवाळीपर्यंत वाळतं, पण लगेच उपटू नका, बोंडं फुटू द्या, पुढच्या पावसात तुम्हाला बी टाकावंच लागणार नाही, माझ्याकडे तर नळाच्या ओट्याच्या फटीतसुद्धा उगवलाय.