अर्ध्यातच येणारी आई

"मुलाला संध्याकाळी सहापर्यंत शाळेतच ठेवावं लागतं, तेही सरकारी पैशावर चालणाऱ्या मोफत वर्गात. मी त्याला वाऱ्यावर सोडलंय का?" मी समुपदेशक आहे, आणि कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आसपास राहणाऱ्या मराठी आयांकडून मी हा प्रश्न दरवर्षी ऐकते. प्रत्येकीचे शब्द वेगळे असतात, पण डोळे भरतात ते 'मोफत' या शब्दापाशीच. म्हणून शुभदाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि तिची परवानगी आहे.

शुभदा आली तेव्हा तिचा मुलगा नऊ वर्षांचा होता, चौथीत. नवऱ्याची नोकरी गेली होती. तो सॅक्रामेंटोला कंत्राटी कामावर होता, शनिवार-रविवार घरी यायचा. हिने दातांच्या एका दवाखान्यात बिलिंगचं काम धरलं होतं. शाळा अडीचला सुटायची आणि पुढे सहापर्यंत त्याच आवारात 'आफ्टरस्कूल'. सांगलीहून सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, "सोन्या अजून शाळेतच? जेवला का गं तो?" बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं, पण शुभदाला ते टोचणीसारखं लागायचं.

"ताई, मला 'तू'च म्हणा," ती पहिल्याच भेटीत म्हणाली, आणि मग सगळं बाहेर आलं. पूर्वी खासगी क्लासला महिन्याला कित्येकशे डॉलर भरायचो, आता फॉर्म भरून फुकट जागा घेतली. ओळखीच्या बायकांना तिने सांगितलंच नव्हतं. मुलगा हल्ली गप्प असतो, जेवताना उत्तरं देत नाही.

इथे मी चुकले. तो गप्प आहे म्हणजे त्याला आई हवी आहे, असं मी गृहीत धरलं आणि म्हणाले, जमलं तर त्याला थोडं लवकर आणून बघ. तिने खरोखर सकाळची पाळी मागून घेतली आणि साडेचारला शाळेच्या दारात उभी राहू लागली. तीन आठवड्यांनी परत आली ती रडतच. मुलगा आणखी बिनसला होता. तिला बघितलं की दप्तर आपटायचा. त्यात केंद्र चालवणाऱ्या बाईंनी नम्रपणे सांगितलं होतं, "रोज असं लवकर नेणार असाल तर जागा यादीतल्या दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल."

"फुकट घेतलंय ना, म्हणून ऐकवतात," शुभदा म्हणाली.

मग मी मुलाला भेटले. खरं तर आधी त्यालाच भेटायला हवं होतं. मैदानाचं चित्र काढ म्हटलं, तर त्याने खेळणारी मुलं इवलीशी काढली आणि कडेला एक मोठी वही. किकबॉलमध्ये, म्हणजे पायाने चेंडू मारून धावा काढायच्या खेळात, त्याला कुणी आधी निवडत नसे. पण तिथल्या दादाने त्याच्याकडे धावफलक लिहायचं काम दिलं होतं. कुणी बाद, कुणाच्या किती धावा, भांडण झालं की सगळे वहीपाशी धावत. डाव रंगायचा साडेचार ते साडेपाच. "आई अर्ध्यातच येते," तो म्हणाला. "मग वही दुसऱ्याला द्यावी लागते."

माझं बालपण मिरजेत गेलं. शाळा सुटली की दप्तर ओट्यावर टाकायचं आणि दिवेलागणीपर्यंत गल्लीत. तेव्हा कुणी माझ्या आईला "पोरगी सहापर्यंत कुठे असते" असं विचारलं नाही, आणि गल्लीत मला कुणाच्या बाजूने घ्यायचं हा माझ्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता. या मुलाची गल्ली साडेचारला बंद पडत होती, आणि ती मी बंद करायला लावली होती.

शुभदाला हे पटायला वेळ लागला नाही. पण फुकटेपणाची बोच राहिलीच, आणि एप्रिलमध्ये घरी एक पत्र आलं तेव्हा ती उफाळून आली. पत्रात होतं की पुढच्या वर्षी शहराच्या वाट्याची खात्री नाही, जागा कमी होऊ शकतात. "भीक आहे, कधीही बंद होणार," ती म्हणाली. त्या दिवशी मी समुपदेशन बाजूला ठेवलं आणि कागदावर पैशाचा रस्ता काढून दाखवला. कधीकधी मनावरचा भार माहितीनेही उतरतो, हे आमच्या व्यवसायातले लोक जरा विसरतात.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत महापालिकेचीच शाळा असते. इथे शहर वेगळं, आणि शाळा चालवणारी सरकारी संस्था, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट, वेगळं. त्याचं मंडळ वेगळं निवडून येतं, हद्दही वेगळी. एकट्या सॅन होजेच्या हद्दीत डझनभराहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर 2002 मध्ये प्रस्ताव 49 मंजूर केला. त्यामागे जोर लावणारे होते अर्नोल्ड श्वार्झनेगर, तेव्हा गव्हर्नर नव्हे, नटच. त्यातून शाळेनंतरच्या वर्गांसाठी वर्षाला 55 कोटी डॉलरची तरतूद ठरली. मात्र राज्य जेवढं अनुदान देतं, त्याच्या एक तृतीयांश इतका वाटा स्थानिक पातळीवर उभा करावा लागतो, रोख किंवा वस्तू-सेवेच्या रूपात. वर्गखोल्या वापरू दिल्या एवढ्यावर भागत नाही. जागेचं मोल त्या वाट्यात जास्तीत जास्त एक चतुर्थांशच धरता येतं. मग शहराचं उद्यान खातं माणसं देतं, डिस्ट्रिक्ट खोल्या आणि सफाई बघतं, एखादी संस्था साहित्य आणते. लॉस एंजेलिसमध्ये महापौर टॉम ब्रॅडली यांच्या काळात, 1988 साली, शहर, डिस्ट्रिक्ट आणि खासगी देणगीदारांनी मिळून असंच काम दहा शाळांत सुरू केलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी तर 1991 मध्ये मालमत्ता कराचा एक हिस्सा मुलांसाठीच राखून ठेवायला लावला.

"तू भाडं देतेस," मी म्हणाले, "घरमालक त्यातूनच मालमत्ता कर भरतो. पगारातून राज्याचा आयकर जातोच. भीक कुठून आली?"

आणि केंद्राच्या त्या बाईंचं बोलणं? राज्याचं अनुदान हजेरीवर मिळतं. 2021 मध्ये हा दर एका मुलामागे दिवसाला 10.18 डॉलर केला. वर्ग शाळा सुटल्याबरोबर सुरू होऊन किमान सहापर्यंत चालायला हवा, लहान मुलांनी पूर्ण वेळ थांबावं अशी अपेक्षा असते, आणि लवकर नेण्याचे नियम प्रत्येक केंद्राला ठरवावे लागतात. त्या बाई तुला कमी लेखत नव्हत्या, त्यांना हजेरीपट सांभाळायचा होता.

तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. (अशी मोफत जागा घेतल्याने व्हिसा किंवा ग्रीन कार्डाला अडचण येईल का, अशी शंका असेल तर मी उत्तर देत नाही. वकिलाला विचारा, व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपला नको.)

मे महिन्यात ती शाळा मंडळाच्या बैठकीला गेली. बोलायला मोजून दोन मिनिटं मिळतात. आदल्या दिवशी माझ्यासमोर तिने तीनदा सराव केला, तिन्ही वेळा कार्यक्रमाचे आभार मानण्यातच वेळ संपला. बैठकीत मात्र तिने वहीची गोष्ट सांगितली. तिच्यामुळे काही फिरलं असा माझा दावा नाही. वीस मुलांमागे एक माणूस असा नियम आहे. शहराने त्या शाळेतल्या एका माणसाचा पगार थांबवला आणि वीस जागा गेल्या. शुभदाच्या मुलाच्या वर्गातल्या दोन मुली त्यात होत्या. त्याची जागा राहिली, कारण हजेरी पुरी होती. शुभदाला त्याचंही वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं काढून टाकायचा प्रयत्न मी केला नाही.

सासूबाईंना काय सांगायचं, यावर आम्ही एक अख्खी भेट घालवली. शेवटी मुलानेच सांगितलं. एका शनिवारी त्याने फोनसमोर वही धरून आजीला आठवड्याचे सामने वाचून दाखवले. आजीला किकबॉल कळला नाही. पण त्यांनी विचारलं, "आणि खायला काय देतात?" तो म्हणाला, "दूध, सफरचंद, बिस्किटं." त्यावर बराच वेळ बोलणं झालं.

शुभदाची सकाळची पाळी अजून तशीच आहे. सव्वापाचला ती शाळेपाशी पोचते आणि गाडीतच बसते. थर्मासमधला चहा ओतते, मैदान तिथून दिसतं. सहा वाजेपर्यंत ती खाली उतरत नाही.